यात्रेत वाटल्या जाणाऱ्या पिशवीबद्दल : गावोगावच्या सहल आयोजकांना खुले पत्र

प्रति,
विमानाने यात्रा-सहली नेणारे आयोजक,
यवतमाळ, वर्धा, अमरावती, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गावे

स. न. वि. वि.

तिरुपती असो, अयोध्या असो, बोधगया असो की उमरा, पैसे भरलेल्या प्रत्येकाला तुम्ही एक पिशवी देता. खांद्यावरून आडवी घ्यायची, कमरेशी लोंबणारी, वर तुमचे नाव आणि मोबाइल नंबर छापलेली. कोणी तिला साइड बॅग म्हणते, कोणी स्लिंग बॅग, बहुतेक जण नुसतीच यात्रेची पिशवी म्हणतात. रेल्वेत ती छान चालते. विमानतळावर मात्र तुमचा गट अडतो तो बहुतेक वेळा याच पिशवीपाशी. मोठ्या बॅगा काउंटरवर जमा होऊन गेलेल्या असतात, अंगावर उरलेली ही एकच वस्तू तपासणीच्या पट्ट्यावर जाते आणि पलीकडून हाक येते, "ये बॅग किसका है?"

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ही पिशवी निराळी शिवून घ्या, निघायच्या आठ दिवस आधी घरपोच द्या, आणि काय भरायचे ते गावातच बघून घ्या. बाकी सगळे पत्र याच तीन गोष्टींबद्दल आहे.

आधी वाटपाच्या वेळेचे बोलू. पिशव्या वाटल्या जातात त्या गाडीत. पुसद-उमरखेडकडून सकाळच्या विमानासाठी गाडी मध्यरात्रीच निघते, वाटेत चहाला थांबली की गठ्ठा सुटतो. मग अर्धवट झोपेत, अंधारात, जुन्या पिशवीतले सगळे नव्या पिशवीत ओतले जाते. काय ओतले ते ओतणाऱ्यालाही ठाऊक नसते. सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर पोचेपर्यंत घाई लागलेली असते, कारण देशांतर्गत विमानाचे काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होते. सामान जमा झाले की त्यानंतर सापडलेली चुकीची वस्तू ठेवायला मोठी बॅग हाताशी नसते. ती वस्तू तिथेच टाकून द्यावी लागते. घरच्या पितळी अडकित्त्याचे असे झाले की आजोबांची यात्रा तिथेच उदास होते, आणि दोष तपासणाऱ्या जवानाचा नसतो.

आता पिशवीत काय निघते ते बघू, कारण खरी गोम इथे आहे.

चंची किंवा पानपुडा : सुपारी, कात, चुन्याची डबी याला सहसा कोणी हरकत घेत नाही. अडकित्त्याला घेतात. तो धारेचा आहे, हातातल्या सामानात चालत नाही; जमा होणाऱ्या बॅगेत कापडात गुंडाळून चालतो. चाकू, ब्लेड, कात्री, पेचकस, पकड, शेतातल्या वापराची लहान विळी, सगळ्यांचा हाच नियम. तंबाखूबरोबर येते काडेपेटी. ती आणि लायटर दोन्हीकडे चालत नाहीत, हातात नाही आणि जमा बॅगेतही नाही. हे आपल्याकडच्या माणसाला पटत नाही, तो काडेपेटी हळूच मोठ्या बॅगेत सरकवतो, आणि मग खालच्या यंत्रात ती दिसली की तिकडे बोलावणे येते. खर्ऱ्याबद्दल, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूबद्दल एवढेच सांगू, की घोटून पन्नीत बांधलेला गोळा यंत्राच्या पडद्यावर नेमका संशयास्पद दिसतो, चारचौघांत उघडून दाखवावा लागतो, आणि विकायला तो राज्यात बंदच आहे. घरी ठेवून निघावे.

पूजेचे सामान ही दुसरी मोठी जागा. कापूर पेट घेणाऱ्या मालात मोडतो, दोन्हीकडे बंद. सुके खोबरे तसेच : त्यात तेलाचा अंश असल्यामुळे ते आपोआप तापू शकते, म्हणून विमानाच्या नियमांत ते धोकादायक मालाच्या यादीत आहे आणि प्रवाशाने कुठल्याच बॅगेत न्यायचे नसते. ओटीच्या सामानात खोबऱ्याची वाटी हमखास असते, हे लक्षात ठेवा. अख्खा नारळही हातातल्या सामानात चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये हंगामापुरती वेगळी सूट जाहीर करावी लागली होती, यावरून मूळ नियम काय तो कळावा. तुमच्या यात्रेला तशी सूट आहे असे धरून चालू नका. खण, हळकुंड, कुंकू न्या. नारळ आणि कापूर देवळाच्या दारात मिळतो.

खाण्यापिण्याचे. तिखटाची पुडी हातातल्या सामानात चालत नाही, भिवापुरीची असो की साधी. डोळ्यांत फेकता येते, एवढे साधे कारण आहे. सावजी मसाला, तिखट, तेलातले लोणचे, ठेचा हे सगळे जमा होणाऱ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. दशम्या, चिवडा, पुऱ्या, संत्री यांना कोणी हात लावत नाही. संत्रा बर्फीचा डबा मात्र उघडायला लावण्याची शक्यता असते. यंत्राच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि सेंद्रिय पदार्थ नारिंगी; म्हणजे बर्फी तिथे आपल्याच रंगात झळकते. पण दाट, चौकोनी, एकसारखा नारिंगी ठोकळा म्हटल्यावर बघणाऱ्याने डबा उघडायला सांगितला तर त्याचे काय चुकले? डब्याला चिकटपट्टीचे चार वेढे देऊ नका, म्हणजे लवकर आटोपते.

पाणी. बाहेरच्या देशात जाणाऱ्या विमानाला १०० मिलीचा नियम काटेकोर आहे : २००६ मध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून तो लागला. प्रत्येक बाटली १०० मिलीपर्यंतची, आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक, तोंड बंद होणाऱ्या एका पिशवीत. बाटली अर्धी रिकामी असली तरी वर छापलेले माप धरतात, २०० मिलीच्या बाटलीत तळाला उरलेले तेल चालत नाही. उमऱ्याला जाणाऱ्यांची अत्तराची कुपी यात बसते, केसाच्या तेलाची मोठी बाटली बसत नाही. देशातल्या विमानाला पाण्याच्या बाटलीबद्दल एवढी कडकाई सहसा नसते, पण त्यावर गट सोडू नये. बाटली रिकामी न्या, तपासणी झाली की आतल्या नळावर भरून घ्या.

औषधे याच पिशवीत हवीत, मोठ्या बॅगेत नाही. इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, दम्याचा पंप, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. गोळ्या पट्टीतच असू द्या. कागदाच्या पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या कशाच्या, हे सांगताना म्हाताऱ्या माणसाची तारांबळ उडते.

पॉवर बँकचा नियम मात्र उलटा आहे, आणि तिथेच घोटाळा होतो. ती जमा होणाऱ्या बॅगेत चालतच नाही, हातातच हवी. लिथियमची बॅटरी सामानाच्या कप्प्यात पेटली तर विझवायला कोणी नसते, माणसांजवळ पेटली तर निदान दिसते. १०० वॉट-अवरपर्यंतची (बॅटरीत साठणाऱ्या विजेचे हे माप) विनापरवानगी नेता येते. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ७४ वॉट-अवर, तेव्हा बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बसतात. अडतात त्या आठवडी बाजारातल्या, ज्यांच्यावरचा छापा पुसला गेला आहे किंवा मुळातच नाही. क्षमता वाचता आली नाही तर ती ठेवून घेतली जाऊ शकते. गटात दोन-तीन जणांजवळ चांगल्या छाप्याच्या असल्या तरी पुरे.

एक बाब शहरातल्या प्रवाशाला सांगावी लागत नाही, आपल्याला लागते. कधी कधी जवान एका काडीला लावलेली छोटी पट्टी पिशवीवर, चेनवर, पट्ट्यावर फिरवतो आणि ती यंत्रात घालतो. स्फोटकांचे बारीक कण शोधायची ती पद्धत आहे. खतांतल्या नायट्रेटनेही ते यंत्र वाजू शकते. संत्र्याच्या बागेत फवारायचे १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच आहे. जी पिशवी खांद्याला लावून कोणी खत टाकले, किंवा जिच्यात रानडुकरे हाकायचे सुतळी बॉम्ब ठेवले, ती वरून झटकली तरी शिवणीत कण राहतात. यंत्र वाजले म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही, पण पिशवी पूर्ण रिकामी होते, चौकशी होते आणि वेळ जातो. म्हणून शेतातली पिशवी यात्रेला नको. नवी पिशवी देण्याचा खरा फायदा इथे आहे, फक्त ती स्वच्छ जागी ठेवा. तुमच्यापैकी काहींचे कृषी केंद्र आहे, आणि पिशव्यांचा गठ्ठा आठ-पंधरा दिवस खताच्या पोत्यांवर पडलेला असतो! ज्याने आदल्या दिवशी खत टाकले असेल त्याने हात साबणाने नीट धुवावेत, नखांतूनसुद्धा. फवारणीच्या औषधाची बाटली कुठल्याच बॅगेत नेऊ नये हे वेगळे सांगायला नको.

आता भरण्याची पद्धत. यंत्रातून जाताना पिशवीतल्या वस्तू एकमेकींच्या आरपार दिसतात. फोनवर पॉवर बँक, त्यावर किल्ल्यांचा जुडगा, त्यावर चिल्लर आणि वरून चार्जरच्या वायरीचे भेंडोळे असे रचले, की पडद्यावर एक काळा डाग उमटतो. त्यात काय आहे ते कळत नाही, म्हणून पिशवी बाजूला निघते किंवा परत फिरवली जाते. वस्तू मुळात चालणाऱ्याच असतात, नडतो तो रचण्याचा प्रकार. दाट वस्तू शेजारी शेजारी ठेवा. वायर सैल गुंडाळा. फोन आणि पॉवर बँक बाहेर काढून ट्रेमध्ये पिशवीशेजारी मोकळी ठेवा. टॅब असेल तर तोही. घड्याळ, किल्ल्या, चिल्लर, कमरेचा पट्टा यांचे उलट : ही सुटी ट्रेमध्ये टाकू नयेत, पिशवीत घालून चेन लावावी. सुटी चिल्लर ट्रेच्या कडेत अडकते आणि घड्याळ तर विसरायलाच ठेवल्यासारखे होते.

पितळेची मूर्ती, तांब्याचा गडू, जड कुलूप या पिशवीत नकोच. लहान देव बरोबर हवाच असेल तर वेगळा, सहज काढता येईल असा. पिशवीचे भरलेले वजन दीड किलोच्या आत राहू द्या. एका हँडबॅगेला साधारणपणे ७ किलोची मर्यादा असते, आणि बाईच्या पर्सला त्याबाहेर सवलत मिळते. पुरुषाच्या खांद्यावरच्या पिशवीला ती मिळेलच असे नाही. तिकिटावर कंपनीने काय छापले आहे ते गटाच्या वतीने तुम्ही वाचा.

ट्रेमध्ये ठेवण्याचीही रीत आहे. पिशवी आडवी, तिच्या सगळ्यात रुंद बाजूवर. पट्टा गुंडाळून ट्रेच्या आत. बाहेर लोंबणारा पट्टा रोलरमध्ये किंवा दोन ट्रेंच्या फटीत अडकतो, यंत्राचा पट्टा थांबतो, मागची सगळी रांग थांबते. एका ट्रेमध्ये एकाचेच सामान. नवरा-बायकोने एकाच ट्रेमध्ये सगळे कोंबले, की पिशवी बाजूला निघाल्यावर ती कोणाची यावर दोघेही एकमेकांकडे बघतात.

क्रमाबद्दल आमचे ठाम मत आहे. हातातली मोठी बॅग आधी ढकला, पैसे आणि औषधे असलेली पिशवी शेवटी, आणि तीही स्वतः धातू शोधणाऱ्या चौकटीतून जायची पाळी आली तेव्हाच. माणूस रांगेतच आणि पिशवी पलीकडे जाऊन पडलेली, असे होऊ देऊ नये.

बायकांच्या बाबतीत हे जास्त सांभाळावे लागते. पुरुषांची अंगतपासणी उघड्यावर, पटापट होते. बायकांची पडद्याआड, महिला जवान करते. तिला वेळ लागतो आणि रांगही वेगळी असते. पिशवी मात्र दोघांचीही एकाच वेगाने पलीकडे जाते. म्हणून गटाची दोन माणसे नेमा. एक अलीकडचा, जो ट्रे भरताना उभा राहून फोन काढला का, पट्टा आत घेतला का, घड्याळ कुठे गेले, एवढे बघेल. दुसरा पलीकडचा, जो सगळ्यात आधी तपासून जाईल आणि पट्ट्याच्या टोकाशी थोडे बाजूला उभा राहून गटाच्या पिशव्यांवर नजर ठेवेल. उचलायच्या नाहीत, फक्त बघायच्या. दुसऱ्याची पिशवी उचलून बाजूला ठेवणाऱ्याला जवान हटकणारच.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, पाटल्या काढायच्या नाहीत. हातातले यंत्र वाजेल, महिला जवान बघेल, संपले. सोने काढून ट्रेमध्ये ठेवायची चूक कोणी करू नये. पुरुषांचा करदोटा, त्यातली चावी, गळ्यातला ताईत यानेही वाजते. सांगावे आणि दाखवावे. शरीरात सळी, स्क्रू, बदललेला गुडघा असेल तर चौकटीतून जाण्याआधी सांगावे. पेसमेकर असेल तर कार्ड दाखवून हाताने तपासायला सांगावे. काठी टेकत चालणाऱ्याची काठी यंत्रातून जाते, परत मिळते.

आता बोर्डिंग पासचे. हा कागद अंगतपासणीच्या जागी लागतो, बऱ्याच ठिकाणी त्यावर शिक्का बसतो. पुरुष तो शर्टाच्या खिशात ठेवतो. लुगड्याला खिसा नसतो, म्हणून बाई तो पिशवीत ठेवते, आणि पिशवी तर यंत्रात गेलेली! मग पडद्यापाशी "पास दिखाइए" म्हटले की ती बिचारी परत पट्ट्याकडे धावते, उलट्या दिशेने, आणि तिला थांबवले जाते. यावर उपाय पिशवीतच करता येतो, तो खाली शिवणीच्या भागात सांगितला आहे. पण त्याहून मोठी खोड आयोजकांची आहे : चाळीसही जणांचे पास आणि आधार स्वतःच्या फाइलमध्ये ठेवायचे. तुम्ही फाइल घेऊन आत, दहा माणसे बाहेरच्या दारात. पास आणि ओळखपत्र ज्याचे त्याच्या हातात द्या, आणि तिकिटावरचे नाव आधारवरच्या नावाशी जुळते का हे तिकीट काढतानाच बघा. एकीकडे शोभाबाई आणि दुसरीकडे शोभा असे नको.

पिशवी बाजूला निघाली तर काय करायचे, हे माणसांना आधी सांगितले नाही तर ती घाबरतात. झडप घालून ओढायची नाही. जवान बोलावेल तेव्हा टेबलापाशी जायचे, तो सांगेल तशी आपणच उघडायची, विचारलेल्या वस्तूचे नाव सांगायचे. हिंदी मोडकी असली तरी चालते, नागपूरकडच्या माणसाला ती येतेच. वस्तू चालणारी नसेल तर काढून द्यायची, पिशवी पुन्हा फिरते आणि मोकळी होते. एवढ्यात दोन-चार मिनिटे जातात. हुज्जत घातली तर वेळ वाढतो, वस्तू तरीही परत मिळत नाही. आणि थट्टा नको. "काय असन जी, बॉम्ब आहे काय त्यात" हे गावात चालते, तिथे त्या एका शब्दाने विमान चुकते आणि पोलिसांचे प्रकरण होते. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान पळवून कंदाहारला नेले होते. त्यानंतर २००० पासून आपले विमानतळ एकेक करत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आले. नागपूरलाही तेच आहेत. शेवटचा शब्द त्यांचा, नियमात बसणारी वस्तूही ते अडवू शकतात.

अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचे विमान सुरू झाले तेव्हापासून त्या बाजूचे गट तिकडूनही निघतात. विमानतळ लहान म्हणून तिथे वेळेत ढिलाई करू नका. नियम तेच आहेत.

आता शिवण. पिशव्या तुम्ही शहरातून ठोक घेता किंवा गावच्या बचत गटाकडून शिवून घेता. दुसरे बरे, कारण मापे बदलता येतात. हा भाग शिवणाऱ्या ताईंना वाचून दाखवा.

रुंदी साडेनऊ इंच, उंची सात इंच, जाडी अडीच इंच. जाडी याहून वाढवू नका. जाड पिशवीत वस्तू थरावर थर बसतात आणि वर सांगितलेला काळा डाग तिथूनच येतो; अडीच इंचात एकच थर मावतो. फोन, चष्म्याची पेटी, औषधाच्या पट्ट्या, रुमाल, पाकीट एवढे नीट बसते. नारळ बसत नाही, हेही बरेच.

कापड जाड सुती कॅनव्हास. रेक्झिनला घाम येतो आणि उन्हाळ्यात ते चिकटते. आतले अस्तर पांढरे किंवा फिके पिवळे, म्हणजे तळाशी पडलेले ब्लेड किंवा काडी दिसते. काळ्या अस्तरात दिसत नाही. चेन पाच नंबरची नायलॉनची, आणि ती फक्त वरच्या तोंडाला न लावता तीन बाजूंनी फिरवा. तिन्ही बाजूंची चेन उघडली की पिशवी पुस्तकासारखी पसरते, तपासणाऱ्याला हात घालून चाचपावे लागत नाही. आत एकच कप्पा, वरून जाळीचा. चोरकप्पा देऊ नका. यात्रेच्या पिशवीला चोरकप्पा हवा असा लोकांचा आग्रह असतो, पण त्या कप्प्यातच मागच्या वर्षीची वस्तू विसरलेली निघते. पैशांसाठी पाठीच्या, म्हणजे अंगाकडच्या बाजूला एक चेनचा सपाट कप्पा पुरतो.

पट्टा सव्वा इंची, सुताची किंवा मऊ नायलॉनची निवार, सरकवून कमी-जास्त होणारा, पूर्ण लांबी ५२ इंचांच्या आसपास. छातीच्या थोडे खाली प्लास्टिकचे क्लिप बकल बसवा. हे बकल आम्हाला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. बकल नसलेली आडवी पिशवी डोक्यावरून काढावी लागते : पदर डोक्यावर, कानात कुड्या, डोळ्यांवर चष्मा, पुरुषाच्या डोक्यावर टोपी किंवा दुपट्टा. ट्रेपाशी उभे राहून हे सगळे सोडवताना माणूस गोंधळतो आणि मागचा ढकलतो. बकल असले की एक टिचकी, पिशवी हातात. धातूचा हूक असला म्हणून यंत्र पिशवी अडवत नाही, ते खरे. पण प्लास्टिकचे हलके आणि स्वस्त पडते, आणि पट्टा अंगावर राहून गेला तर चौकटीत वाजत नाही.

पासचा उपाय असा. पिशवीच्या पुढच्या बाजूला, दोन टिच बटणांनी लागणारे एक वेगळे पाकीट शिवा, नऊ इंच बाय चार इंच, एका बाजूला पारदर्शक प्लास्टिक, वर गळ्यात घालायची सुती नाडी. त्यात फक्त पास आणि ओळखपत्र. पिशवी ट्रेमध्ये ठेवण्याआधी पाकीट बटणातून सोडायचे आणि गळ्यात घालायचे. नाडीला धातूची क्लिप नको, गाठ मारा. दाराशी, काउंटरवर, पडद्याआड, विमानाच्या तोंडाशी, सगळीकडे तेच दाखवायचे.

शेवटचे, नंबर. चाळीस सारख्या पिशव्या एकाच पट्ट्यावरून आल्या की अदलाबदल ठरलेली. ज्याची औषधे त्याला न मिळता दुसऱ्याच गावच्या माणसाकडे जातात. तुमचे नाव लहान छापा आणि नंबर मोठा, दोन इंची, दोन्ही बाजूंना. शिवाय गावागणिक पट्ट्याला वेगळ्या रंगाची फीत. आतल्या अस्तरावर प्रवाशाचे नाव आणि घरचा फोन पक्क्या शाईने.

परतीचा प्रवास कोणी मोजत नाही, आणि अर्धी अडचण तिथे असते. जाताना शहाणी झालेली माणसे येताना पिशवी पुन्हा प्रसादाने भरतात. लाडू अडत नाहीत, डबा दाखवावा लागला तर दाखवायचा. नारळाचा प्रसाद, लहान त्रिशूळ, नक्षीची कट्यार, गंगेच्या पाण्याचा मोठा कॅन हे हातातल्या पिशवीत नको. खोबरे आणि कापूर तिकडच्या देवळातला असला तरी नियम तोच. शेवटच्या मुक्कामी, खोली सोडण्याआधी, प्रत्येकाने पिशवी पलंगावर उलटी करून झटकावी आणि पुन्हा भरावी. तुमच्या माणसाने खोलीगणिक फिरून ते बघावे. निघतानाही असेच : निघायच्या दोन दिवस आधी देवळाच्या ओट्यावर किंवा समाजमंदिरात सतरंजी टाकून सगळ्यांच्या पिशव्या एकदा उलट्या करून घ्या.

चाळीस पिशव्यांचे कापड कापण्याआधी नमुन्याची एक शिवून घ्या. ती गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या खांद्याला लावा, बकल तिच्या बोटांना उघडते का ते बघा. उघडत नसेल तर एक माप मोठे घ्या.

आपले,
विमानप्रवासाची पूर्वतयारी करून देणारे आम्ही काही जण,
जिल्हा यवतमाळ